अलास्कासाठी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

चहाचे कप आधी खाली ठेवा. मागे एकदा हे सांगताना एका मित्राला असा ठसका लागला की आमच्या सोफ्यावरचा डाग अजून गेलेला नाही. आणि तो सोफा मी स्वतः जोडलाय, एकही स्क्रू न उरवता! म्हणून म्हटलं, कप खाली.

तर मंडळी, हा तुमचा मंदार जर्मन पोलिसांच्या गाडीत बसून आलेला आहे. मागच्या सीटवर. शेजारी सख्खे सासरे. आणि हे सगळं कशामुळे झालं? दारू नाही, मारामारी नाही, वेगाने गाडी चालवणं नाही. माझं काम चोख असतं म्हणून झालं. विश्वास नाही ना बसत? मुग्धाचाही बसला नव्हता, आणि ती तर माझी बायको आहे.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. आम्हाला जर्मनीत आखनला येऊन चार वर्षं झाली होती. मी गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. म्हणजे लोक गाडी विकत घेतात, आम्ही ती भिंतीवर आपटतो आणि कुठे काय मोडलं ते मोजतो. आमचा टीमलीडर युर्गन. उंच, शांत, आणि जेवणाच्या सुट्टीतही घड्याळ बघून चावणारा माणूस. पण त्याला एक वेड होतं, जंगलात भटकायचं. आणि मी पडलो सह्याद्रीतला गडी. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, तोही नळीच्या वाटेने! हे मी त्याला चार वर्षांत किमान चाळीस वेळा सांगितलं होतं.

एक दिवस कॅन्टीनमध्ये युर्गनने नकाशा पसरला. त्याचा मेहुणा क्लाउस वीस वर्षं अलास्कात राहतो, लोकांना जंगलात फिरवतो. ऑगस्टमध्ये दहा दिवस, पाठीवर तंबू, पाठीवर जेवण, आसपास माणूस नाही. जाणार चार जण. युर्गन, आमच्या टीममधले दोघं, आणि चौथा?

"चौथा तू," युर्गन म्हणाला. "येणार ना?"

अहो, येणार ना काय विचारतोस! चार वर्षांत ऑफिसबाहेर मला कुणी काही विचारलं असेल तर कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, एवढंच. मी नकाशा न बघताच हो म्हणालो.

मग युर्गनने क्लाउसचा निरोप वाचून दाखवला. तिकडे अस्वलं आहेत. मोठी. क्लाउस रायफल घेऊन पुढे चालेल. पण सर्वात मागे चालणाऱ्याजवळही एक रिव्हॉल्व्हर हवं. दमदार हवं. अस्वल मागून आलं आणि मिरचीच्या फवाऱ्यानेही ऐकलं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवून कळवा, परवान्यापासून सगळी सोय मी इथे करतो.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', युर्गन म्हणाला, "हे कोण बघेल?"

तिन्ही जर्मन आपापल्या बटाट्यांकडे बघू लागले. माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला.

"तू कधी रिव्हॉल्व्हर हाताळलंयस?"

"हाताळलं नाही," मी म्हणालो, "पण निवडू शकतो."

खरं सांगायचं तर माझा शस्त्रानुभव दोनच. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आणि जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. पण निवडणं ही वेगळी विद्या आहे. आमच्या घरात नवीन मिक्सर आला तेव्हा मी बावीस मिक्सरांचा तक्ता केला होता. मुग्धा अजून ऐकवते, "तुझा तक्ता होईपर्यंत सात आठवडे मी चटणी खलबत्त्यात कुटली!" पण मिक्सर कसा लागला ते नाही सांगत. आजही चालू आहे.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. चौदा रकाने! नळीची लांबी, गोळ्या पाच की सहा, गंजेल का, हातमोजे घालून चाप ओढता येईल का, पावसात मूठ निसटेल का. प्रत्येक रकान्याला महत्त्वाप्रमाणे गुण. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोम होती, ती ऐका. रिव्हॉल्व्हर हलकं घेतलं तर दिवसभर वागवायला सोपं, पण गोळी सुटली की हाताला असा हिसका देतं की दुसरी गोळी ढगात. जड घेतलं तर हिसका कमी, पण ते दहा दिवस छातीवर बांधून डोंगर कोण चढणार? हा प्रश्न मी तीन आठवडे जेवताना, आंघोळ करताना, लोकल ट्रेनमध्ये उभ्याने सोडवत होतो. एकदा शेजारच्या बाईला वाटलं मी तिच्याशी बोलतोय. ती उठून दुसरीकडे बसली.

तेवढ्यात पुण्याहून माझे सासरे आले, तीन महिन्यांसाठी. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. मुग्धाने त्यांना विमानतळावरच सांगून टाकलं, "बाबा, हा सध्या रिव्हॉल्व्हर बघतोय."

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मंदारराव, नोकरीवर काही त्रास आहे का?"

मी त्यांना घरी येईपर्यंत सगळा तक्ता समजावला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "एवढा अभ्यास दहावीला एका मुलाने केला असता तर आमची शाळा बोर्डात आली असती." बघा! माणूस पारखी.

पण नुसत्या कागदावर काय कळतं? हिसका अनुभवायला हवा. म्हणून मी आखनजवळच्या आयफेल डोंगरातल्या एका गावच्या शुट्सेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या मंडळात, पाहुणा म्हणून गेलो. तिथले प्रमुख सत्तरीतले आजोबा. त्यांनी नियम सांगितले, कानावर ते मोठे कानटोप चढवले आणि एक छोटंसं पिस्तूल पुढे केलं.

"हे नको," मी म्हणालो. "मला चव्वेचाळीस मॅग्नम."

"पहिल्यांदाच?"

"मी त्याचा अभ्यास केलाय."

आजोबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाटातून ते धूड काढलं, एकच गोळी भरली आणि माझ्या मागे, दोन्ही हात पसरून, उभे राहिले. मला वाटलं जर्मन शिष्टाचार असेल. मी नेम धरला. श्वास रोखला. चाप ओढला.

पुढचं मला नीट आठवत नाही. चष्मा कपाळावर होता, कपाळ छताकडे होतं आणि मी आजोबांच्या मिठीत होतो. पण समोर? समोरच्या कागदावर, बरोबर मधल्या काळ्या ठिपक्यात, भोक!

"बघितलंत?" मी ओरडलो. "मधोमध!"

"हो, हो," आजोबा शांतपणे म्हणाले. "मधोमध आहे. पण तुमचा कागद तीन नंबरचा. हा चारचा."

चार नंबरवरच्या माणसाने मला हात हलवून धन्यवाद दिले. मंडळी, कुणाच्या कागदावर का असेना, मधोमध ते मधोमध. मी तो कागद मागून घरी आणला. पण त्या मिठीने माझा निर्णय पक्का केला. हलकं बाद. जड, स्टेनलेस स्टीलचं, चार इंची नळीचं, सहा गोळ्यांचं, सव्वा किलोच्या वर. तक्त्यात पहिलं आलं. युर्गनने तक्ता वाचला, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "सॉबर." नीटनेटकं. बस्स, एवढंच. पण जर्मन टीमलीडरने दोनदा मान हलवणं म्हणजे आपल्याकडे शाल आणि श्रीफळ. त्या संध्याकाळी मी मुग्धासाठी फुलं आणली. तिने आधी विचारलं, "काय मोडलंस?"

आता इथे दुसरा कुणी थांबला असता. मी थांबतो का? सव्वा किलो छातीवर बांधून डोंगर चढता येतो की नाही, ते अलास्काला जाऊन बघायचं? चाचणी कुठे? आमच्या धंद्यात गाडीत खरा माणूस बसवत नाहीत, तेवढ्याच वजनाचा डमी बसवतात. तेव्हा सरळ आहे ना? रिव्हॉल्व्हरचा डमी! नुसता लोखंडाचा ठोकळा चालला असता, मुग्धा तेच म्हणत होती. पण ठोकळा छातीवर बांधायच्या होल्स्टरमध्ये बसेल का? वजन मुठीकडे किती, नळीकडे किती, हे कळेल का? मी दोन रात्री बसून ड्रॉइंग केलं. एकदा करायला घेतलं की मला अर्धवट सोडता येत नाही. चाप, घोडा, फिरतं चक्र, सगळं काढलं.

ते घेऊन गेलो आमच्या वर्कशॉपच्या मानफ्रेडकडे. मानफ्रेड म्हणजे माइस्टर, उस्ताद कारागीर, चाळीस वर्षं धातू कापणारा. उरलेल्या स्टीलच्या तुकड्यातून करून द्यायला तो तयार झाला. त्याने ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, "चक्र फिरायला हवं?"

"ड्रॉइंगमध्ये आहे ना?"

"गेनाऊ," मानफ्रेड म्हणाला. म्हणजे अगदी बरोबर.

मंडळी, शुक्रवारी त्याने फडक्यात गुंडाळलेली ती वस्तू माझ्या हातात दिली आणि माझे डोळे भरून आले. चक्र फिरत होतं, आणि फिरताना टिक टिक वाजत होतं. मुठीला अक्रोडाचं लाकूड. नळीचं भोक फक्त दोन सेंटिमीटर खोल, त्याच्या आत भरीव, पण बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. वजन ग्रॅमपर्यंत बरोबर. वर खोदलेला नंबर, शून्य-शून्य-एक, कारण आमच्याकडे नंबराशिवाय नटही दाराबाहेर जात नाही.

शनिवारी सकाळी मी छातीवर होल्स्टर बांधलं, पाठीवर अठरा किलोची सॅक घेतली आणि बाबांना घेऊन आयफेलच्या जंगलात गेलो. बाबांकडे पाण्याची बाटली, बेसनाच्या लाडवांचा डबा आणि फोन. मुग्धाने जाताना विचारलं, "हे असं उघड्यावर घेऊन फिरलेलं चालतं का इथे?"

"अगं, खरं थोडंच आहे!"

लक्षात ठेवा हे वाक्य. जर्मनीत अपार्टमेंटच्या बाल्कनीत कपडे कसे वाळवायचे याचा नियम मी वाचलेला होता. हा वाचला नव्हता.

दोन तास झकास गेले. चढावर मोजलं, उतारावर मोजलं, दर अर्ध्या तासाने वहीत नोंद. होल्स्टर डावीकडे कलत होतं, ते लिहिलं. मग एका वळणावर बाक लागला. बाबा बसले, लाडू काढला. मी म्हटलं, चला, आता मुख्य चाचणी. अस्वल मागून आलं तर किती सेकंदात वळून रिव्हॉल्व्हर काढता येतं? क्लाउसने कळवलं होतं की आधी अस्वलावर जोरात ओरडायचं. मी बाबांच्या हातात फोनचं स्टॉपवॉच दिलं. वळणाकडे पाठ केली.

"बाबा, तुम्ही 'आलं' म्हणा."

बाबांनी घास गिळला. "आलं!"

मी गर्रकन वळलो, हिसडा मारून ते बाहेर काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि पोटातून ओरडलो, "हाऽऽट्! सरक मागं!"

समोर अकरा माणसं उभी होती.

ज्येष्ठ नागरिकांचा पदभ्रमण संघ. सगळ्यांच्या टोप्या एका रंगाच्या. सगळ्यांच्या हातात चालायच्या दोन दोन काठ्या. मी ओरडलो आणि बावीस काठ्या एकदम वर गेल्या.

"एक पूर्णांक आठ," बाबा मागून म्हणाले. "छान."

मी काय केलं? जंगलात समोर कुणी आलं की जर्मन माणूस अभिवादन करतो. मी केलं. "गुटन टाग!" म्हणालो. काठ्या वरच राहिल्या. बाबांना वाटलं ती माणसं काठ्या उंचावून आपल्याला सलामी देतायत. ते उठले आणि सगळ्यांना नमस्कार केला.

"घाबरू नका," मी म्हणालो, "हे अस्वलासाठी आहे."

पहिल्या रांगेतल्या आजी हळू आवाजात म्हणाल्या, "आयफेलमध्ये अस्वलं नाहीत."

"माहितीये! हे तर खोटं आहे, बघा!" आणि खोटं आहे हे दाखवायला मी चक्र फिरवलं. टिक टिक टिक टिक. मानफ्रेडचं काम! एक आजोबा जमिनीवर बसले.

मग मी ते होल्स्टरमध्ये ठेवलं, बाबांनी लाडवांचा डबा पुढे केला, पण वातावरण काही सुधारेना. कुणीतरी मागच्या मागे फोन लावलेला होता. मला जाता आलं असतं का? आलं असतं. पण मी का जाऊ? मी समजावून सांगायला थांबलो. तेच नडलं.

वीस मिनिटांत पोलीस आले. एक तरुण बाई, एक वयस्क गृहस्थ. बाईंनी मला ते काढून खाली ठेवायला सांगितलं. मी दोन बोटांनी काढलं, खिशातला रुमाल पसरला आणि त्यावर ठेवलं. चिखलात कसं ठेवणार? मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आता मी तुम्हाला माझी उत्तरं सांगतो. एकही खोटं नाही, शब्दन् शब्द खरा. तुम्हीच सांगा माझं काय चुकलं.

"हे कुठून आणलंत?"

"आणलं नाही. मी डिझाइन केलंय."

"आणि बनवलं?"

"आमच्या वर्कशॉपमध्ये. मानफ्रेडने. फार मोठा कारागीर आहे."

"यावर नंबर आहे, शून्य-शून्य-एक. अशी किती बनवली आहेत?"

"सध्या एकच. आजचे निकाल चांगले आले तर सुधारित आवृत्ती काढू."

वयस्क गृहस्थांनी वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली.

"तुम्ही एकटेच आहात यात?"

"छे! टीम आहे. चार जण. म्होरक्या युर्गन."

"आणि हे कशासाठी?"

"ऑगस्टसाठी," मी छाती पुढे काढून म्हणालो. "माझ्याकडे सगळी कागदपत्रं आहेत!" आणि सॅकमधून ती जाड फाइल काढून त्यांच्या हातात दिली. चौदा रकाने, ड्रॉइंग, कुठलं काडतूस पाच मीटरवर किती काम करतं त्याचा आलेख. रंगीत छापलेला!

बाबांना जर्मनचा एक शब्द येत नाही. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मंदारराव, काय म्हणतायत?"

आता सासऱ्यांना काय सांगायचं? "बाबा, त्यांना कामात फार रस वाटतोय."

"वाटणारच!" बाबा म्हणाले. तीन पावलं मागे गेले आणि फोटो काढला. मध्ये मी, बाजूला दोन पोलीस, बाईंच्या हातात माझी फाइल, मागे जंगल आणि टोप्यांची रांग. तो त्यांनी लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली ओळ, 'जावयाच्या संशोधनाची जर्मन पोलीस खात्याने घेतली दखल.' तीस वर्षं शाळेचा फळा लिहिलेला माणूस! पोलिसांच्या गाडीत आम्ही बसेपर्यंत नाशिकच्या काकांपासून अमेरिकेतल्या आतेबहिणीपर्यंत सगळ्यांचे अंगठे, फुलं आणि अभिनंदन आलेलं. फक्त मुग्धाचा एकच निरोप होता, 'त्याच्या तोंडावरून कळतंय. कुठलं ठाणं?'

ठाण्यात बाईंनी नळीत पेन घातलं. दोन सेंटिमीटरवर अडलं. त्यांनी पहिल्यांदाच सुस्कारा सोडला. मग समजावलं की खरं वाटेल असं खोटं शस्त्र लोकांत घेऊन फिरणं हाही इथे नियमभंग आहे, त्याला आन्शाइन्सवाफे म्हणतात, वस्तू जप्त होईल आणि दंडाची नोटीस घरी येईल. मी अलास्काचं सगळं सांगितलं. त्यांनी युर्गनचा नंबर मागितला. शनिवार दुपार, युर्गनच्या बागेत ग्रिल पेटलेलं, पाहुणे आलेले. आता खरं सांगतो. पोलिसांची नाही, मला युर्गनची भीती वाटली. तो म्हणाला असता, असला माणूस दहा दिवस जंगलात बरोबर नको, तर? चार वर्षांत पहिल्यांदा कुणी आपल्याला बरोबर घेतलं होतं हो.

युर्गन येईपर्यंत बाई पंचनामा लिहीत होत्या. त्यात वस्तूचं वर्णन होतं, 'हुबेहूब, अत्यंत दर्जेदार बनावट.' मी वाकून वाचलं. "याची प्रत मिळेल का?"

"कशासाठी?"

"मानफ्रेडला दाखवायला."

त्यांनी प्रत काढली. मग नोंदीसाठी पासपोर्ट मागितला. तो माझ्याकडे असतोच, कमरेच्या पाकिटात, प्लास्टिकमध्ये. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग शेवटून पहिल्यापर्यंत.

"तुम्ही ऑगस्टमध्ये अलास्काला जाणार?"

"हो, तीन आठवड्यांत!"

"तिकीट आहे?"

"हो!"

"मग अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे?"

मंडळी! मी त्यांच्याकडे बघतोय, त्या माझ्याकडे. चौदा रकाने! हातमोजे घालून चाप ओढता येतो का हे मी तपासलं होतं. अस्वल कुठल्या बाजूने येईल हे तपासलं होतं. अलास्का अमेरिकेत आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याच क्षणी युर्गन आत आला, ॲप्रनसकट, आणि माझी बाजू घेऊन बाईंना म्हणाला, "सगळं खरं आहे. हा आमच्याबरोबर अलास्काला येतोय."

"नाही," बाई म्हणाल्या. अगदी हळुवारपणे म्हणाल्या. "येत नाहीये."

परतीच्या वाटेवर युर्गनने आधी ॲप्रनची गाठ सोडली. मग म्हणाला, "चूक माझीही आहे. आम्हाला तिघांना ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. तुझा पासपोर्ट वेगळा आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्याही नाही," मी म्हणालो.

आणि खरं सांगू का? वाईट तर वाटलंच. पण आत कुठेतरी अभिमानही वाटला. चार वर्षं प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक रांगेत, प्रत्येक फॉर्मवर मला आठवण करून दिली जात होती की तू बाहेरचा. आणि या एका उन्हाळ्यात मी ते साफ विसरलो. युर्गनही विसरला! हे मी मुग्धाला सांगितलं तेव्हा ती हसता हसता थांबली आणि माझ्यासाठी आलं घालून चहा केला.

व्हिसाच्या मुलाखतीची पहिली तारीख मिळत होती सप्टेंबरची. ऑगस्टमध्ये मी त्या तिघांना माझ्या गाडीने विमानतळावर सोडून आलो. पण रिव्हॉल्व्हर मात्र माझंच गेलं! म्हणजे क्लाउसने माझ्या तक्त्याबरहुकूम तेच आणलं, स्टेनलेस, चार इंची, सहा गोळ्यांचं. बाबांनी ग्रुपवर लिहिलं, 'जावयाची निवड अलास्कात दाखल.' पुन्हा अंगठे, पुन्हा फुलं. बाबा मग दर सकाळी विचारायचे, "काही वृत्त?" आणि मी जंगलात नेटवर्क नाही हे माहीत असूनही दर सकाळी फोन बघायचो.

दहा दिवसांनी युर्गन परत आला. सोमवारी मी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर बसलो, वही उघडून, पेन उघडून.

"कसं होतं?"

"फार सुंदर देश."

"रिव्हॉल्व्हर! रिव्हॉल्व्हर कसं होतं?"

युर्गनने बटाटा नीट दोन तुकड्यांत कापला. तो खोटं बोलत नाही, ही त्याची अडचण आहे. "आल्झो, मंदार, उत्तम होतं. सगळ्यांना आवडलं. पण फार जड. पहिल्याच चढावर तिघांनी आळीपाळीने घेऊन बघितलं, मग क्लाउस म्हणाला राहू दे. जीपच्या खणात ठेवलं. दहा दिवस तिथेच होतं."

"आणि अस्वल?"

"एक दिसलं. लांबून. जीपजवळ."

आता हसा, हसा. मी म्हटलंच होतं कप खाली ठेवा म्हणून. म्हणजे निवडणारा आखनमध्ये आणि निवडलेलं जीपच्या खणात. पण एक गोष्ट मात्र मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो, बाबांनी तर ती ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकली आहे. दहा दिवस, अलास्काचं घनदाट जंगल, आणि माझ्या रिव्हॉल्व्हरचा एकही नेम चुकलेला नाही!